शिल्पकार जॉन फ्लॅक्समन

इंग्लंड हा थंड हवेचा देश. तेथील जुन्या वाड्यांत दिवाणखान्याच्या भिंतीतच शेकोटी बांधीत आणि तिच्याभोवती संगमरवरी चौकट बसवीत. दोन बाजूंस दोन खांब, त्यांवर आडवी कोरीव पट्टी आणि सर्वांत वर फळी. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात प्राचीन ग्रीक-रोमन कलेची आवड वाढली, तेव्हा या पट्टीच्या मध्यभागी एखादा पौराणिक प्रसंग दाखविण्याची रीत रूढ झाली. त्या लहानशा जागेसाठी काम करीत एक थोर शिल्पकार घडला.

जॉन फ्लॅक्समनचा जन्म ६ जुलै १७५५ रोजी यॉर्क येथे झाला. वडील लंडनमध्ये प्लॅस्टरचे पुतळे घडवून विकीत. मुलगा फार अशक्त; लहानपणी कुबड्यांच्या आधाराने चाले. शाळा फारशी घडलीच नाही. वडिलांच्या दुकानात बसून तो पुतळ्यांवरून चित्रे काढी आणि आपला आपणच लॅटिन शिके. १७७२ साली रॉयल अकॅडमीच्या सुवर्णपदकासाठी त्याने स्पर्धा केली; पदक दुसऱ्यास मिळाले. तरी त्याचा हात थांबला नाही.

१७७५ पासून जोसाया वेजवुड यांच्या चिनी मातीच्या कारखान्यासाठी तो मेणाचे नमुने करू लागला. त्यांवरून साचे घेऊन पांढऱ्या मातीच्या आकृती रंगीत फलकावर बसवीत व भट्टीत भाजीत. १७७८ साली एका ग्रीक कलशावरील चित्रावरून त्याने महाकवी होमरच्या गौरवाचा फलक घडविला. असे फलक शेकोटीच्या संगमरवरी चौकटीत जडवीत. वीतभर उंचीत, मोजक्या रेषांनी, सारा भाव उभा करावयाचा, हा धडा त्यास येथे मिळाला.

१७८७ साली पत्नी ॲनसह तो रोमला गेला व सात वर्षे राहिला. होमर आणि डांटे यांच्या काव्यांवरील त्याची रेखाचित्रे युरोपभर गाजली. त्यांतही तीच मोजकी रेषा होती. मायदेशी परतल्यावर त्याने सेंट पॉलच्या मंदिरात नेल्सनचे भव्य स्मारक उभारले. ज्या अकॅडमीने पदक नाकारले, तिनेच १८१० मध्ये त्यास शिल्पकलेचा पहिला प्राध्यापक नेमले.

आपल्या तंजावरशीही त्याचा संबंध आला. सरफोजीराजे भोसले यांनी आपले गुरू, मिशनरी श्वार्ट्झ, यांच्या स्मारकाचे काम त्याच्याकडे सोपविले. मृत्युशय्येवरील गुरूच्या भेटीस आलेले राजे त्याने संगमरवरात कोरले. ते शिल्प तंजावरच्या चर्चमध्ये आहे.

७ डिसेंबर १८२६ रोजी त्याचे निधन झाले. हाती आलेले काम लहान म्हणून त्याने कधी उणे केले नाही. म्हणूनच मोठे काम त्याच्या हाती आले.