प्रेमचंद रायचंद : कापसाच्या तेजीचा राजा



आज आपण प्रेमचंद रायचंद यांची माहिती पाहूया. मुंबईचा राजाबाई टॉवर मुलांनी चित्रात पाहिलेला असतो, पण तो कोणाच्या पैशातून उभा राहिला हे फारसं कोणी सांगत नाही.

प्रेमचंद यांचा जन्म १८३१ साली सुरतमध्ये एका जैन व्यापारी कुटुंबात झाला. लहानपणीच ते मुंबईत आले आणि इथेच शिकले. इंग्रजी लिहिता-वाचता येणारे पहिले भारतीय शेअर दलाल म्हणून त्यांना ओळखतात. दलाल म्हणजे खरेदीदार आणि विक्रेता यांची गाठ घालून देणारा माणूस.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. तिथला कापूस इंग्लंडला जाईना. मग गिरण्यांना हवा असलेला कापूस मुंबईतून जाऊ लागला. भाव खूप वाढले आणि मुंबईत पैशांचा पूर आला. रोज नव्या कंपन्या, नव्या बँका निघाल्या. समुद्र बुजवून जमीन करण्याच्या कंपनीचे शेअर घ्यायला तर झुंबड उडाली. या सगळ्या उलाढालीत प्रेमचंद यांचा शब्द चाले.

१८६५ मध्ये युद्ध संपलं आणि कापसाचे भाव कोसळले. बँक ऑफ बॉम्बेचा २८५० रुपयांवर गेलेला शेअर ८७ रुपयांवर आला. प्रेमचंद बुडाले. त्यांच्या भरवशावर पैसे लावलेली, कर्ज काढलेली कितीतरी घरंही बुडाली. हे मुलांना सांगताना लपवू नये.

मात्र तेजीच्या काळातच, १८६४ मध्ये, त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले होते. मनोऱ्याला आईचं, राजाबाईंचं, नाव दिलं. तो १८७८ मध्ये पूर्ण झाला. शेअरचे कागद रद्दी झाले, पण दिलेलं दान टिकलं. पुढे प्रेमचंद हळूहळू सावरले. १८७५ मध्ये दलालांची संघटना स्थापन झाली, त्यात त्यांचा सहभाग होता. तिलाच आज आपण मुंबई शेअर बाजार म्हणतो. १९०६ साली त्यांचं निधन झालं.

वर्गात एक प्रश्न जरूर विचारा : दूरच्या देशातलं युद्ध थांबलं, ही आनंदाची बातमी. मग मुंबईत लोक का रडले? उत्तर शोधताना मुलांना व्यापार आपोआप समजेल.