लोकनायक बापूजी अणे: पक्षनिष्ठा आणि मत

वऱ्हाडातील लोणार हे गाव तेथील खाऱ्या पाण्याच्या सरोवरामुळे दूरवर ठाऊक आहे. आकाशातून पडलेल्या एका प्रचंड उल्केने काळ्या खडकात हा खोल वाटोळा खड्डा पडला, असे विद्वानांनी सिद्ध केले आहे. सरोवर पाहावयास जाणाऱ्यांस एक गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाही. ती अशी की, इंग्रजी राज्यात हे लोणार, मेहकर तालुका आणि सबंध बुलढाणा जिल्हा कागदोपत्री निजामाचा मुलूख होता. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला आणि १९०२ मध्ये तो त्यांस कायमच्या पट्ट्याने दिला. पण धनीपण निजामाचेच राहिले. त्यामुळे दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात वऱ्हाडाचा प्रतिनिधी पाठविण्याची रीत मोठी चमत्कारिक होती. मतदारांनी त्यास निवडावे आणि मग सरकारने त्याच माणसास आपल्यातर्फे नेमल्याचे दाखवावे! ज्या माणसाने ही जागा वर्षानुवर्षे चालविली ते माधव श्रीहरी अणे होत. लोक त्यांस बापूजी म्हणत, आणि पुढे लोकनायक म्हणू लागले.

त्यांचे चरित्र आम्ही आज आमच्या वाचकांपुढे ठेवीत आहो, ह्याचे कारण एकच. पुढारी कोणत्या पक्षाचा एवढेच आपल्या खेड्यांतून विचारले जाते. त्याने सभागृहात कोणत्या प्रश्नावर कोणत्या बाजूस मत दिले हे फार थोडे लोक पाहतात. अणे यांचे आयुष्य केवळ पक्षाच्या नावावरून मोजू गेल्यास त्याचा काही थांग लागत नाही.

त्यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे झाला. घरी संस्कृत विद्येची परंपरा होती. नागपुरास मॉरिस कॉलेजात शिक्षण झाल्यावर त्यांनी काही वर्षे अमरावतीस शिक्षकाचे काम केले आणि मग यवतमाळास वकिली मांडली. लोकमान्य टिळकांस त्यांनी आपले राजकीय गुरू मानिले. १९२० मध्ये टिळक वारले आणि गांधीजींनी कायदेमंडळांवर बहिष्कार घालावयास सांगितले, तेव्हा वऱ्हाडातील टिळकपक्षीयांस ते रुचले नाही. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे काँग्रेसपासून दूर गेले. अणे यांचे मतही बहिष्काराविरुद्धच होते, पण ते राहिले, आणि वऱ्हाड प्रांतिक काँग्रेस कमिटीचे अध्यक्षपदही त्यांनी कित्येक वर्षे सांभाळले. मतभेद मनात असताना घर न सोडण्याचा हा त्यांचा पहिला प्रसंग होय.

पुढे चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरू यांनी स्वराज्य पक्ष काढला. त्याचा बेत असा की, कायदेमंडळात शिरावे आणि आतून सरकारचा गाडा अडवावा. १९२३ च्या निवडणुकीत अणे दिल्लीच्या कायदेमंडळात गेले. इकडे नागपूरच्या प्रांतिक कौन्सिलात स्वराज्य पक्षास बहुमत मिळाले व १९२४ मध्ये त्याने मंत्र्यांचा पगार वर्षास दोन रुपये मंजूर केला. आमच्या वाचकांस हे थट्टेचे वाटेल, पण ते कायदेशीर मत होते. त्याने मंत्रिमंडळ खरोखरच बंद पडले आणि गव्हर्नराने ती खाती आपल्या हाती घेतली.

अडवणूक करून मोकळे होणे सोपे असते; उद्या काय करावयाचे हा प्रश्न कठीण. ऑक्टोबर १९२५ मध्ये त्याच कौन्सिलाचे अध्यक्ष व स्वराज्य पक्षाचे सभासद अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे यांनी सरकारच्या कार्यकारी मंडळातील जागा स्वीकारली, आणि पक्षात वणवा पेटला. मोतीलालजींनी तांब्यांचा कडक निषेध केला. महाराष्ट्रातील न. चिं. केळकर व मु. रा. जयकर यांनी उलट पक्षाच्या कार्यकारिणीचे राजीनामे दिले. जेथे सरकार लोकांच्या हिताचे करील तेथे सहकार्य करावे, जेथे अहित करील तेथे अडवावे, हे टिळकांचे प्रतियोगी सहकारितेचे धोरण पुन्हा उचलावे, असे त्यांचे म्हणणे. १९२६ च्या फेब्रुवारीत अकोल्यास त्यांनी आपला पक्ष उभारला आणि अणे त्यांत सामील झाले. साबरमतीस समेटाचा प्रयत्न झाला, तो फसला.

सरकारशी सहकार्य करू म्हणणारा माणूस तुरुंगाला भ्यालेला असावा, असे ज्यांस वाटत असेल त्यांनी १९३० साल पाहावे. मिठाचा कायदा मोडण्याची चळवळ सुरू झाली तेव्हा समुद्र नसलेल्या वऱ्हाडात लोकांनी अकोला जिल्ह्यातील दहिहांडा येथे खाऱ्या विहिरींच्या पाण्याचे मीठ केले. पण खेड्यातील गरिबास जाच होता तो जंगलच्या कायद्याचा. गुरांस चारा रानात उभा, आणि तो कापला तर गुन्हा! १० जुलै १९३० रोजी अणे यांनी पुसदेस राखीव जंगलातील गवत कापून तो कायदा मोडला आणि कारावास पत्करला. पुढे बडे पुढारी तुरुंगात असताना ते काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष झाले, आणि १९३३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी चळवळ काही काळ तहकूब करण्याचे जाहीर पत्रक त्यांच्याच सहीने निघाले. इतका काँग्रेसच्या गाभ्यातला मनुष्य एका वर्षानंतर काँग्रेसच्या कार्यकारिणीतून बाहेर पडला. तो प्रसंग आम्ही थोडा विस्ताराने सांगतो, कारण त्याचा संबंध आमच्या ख्रिस्ती समाजाशीही होता.

१६ ऑगस्ट १९३२ रोजी ब्रिटिश मुख्य प्रधान रॅम्से मॅकडोनल्ड यांनी जातीय निवाडा जाहीर केला. त्याने मुसलमान, शीख, युरोपियन, अँग्लो-इंडियन इत्यादिकांचे मतदारसंघ वेगळे केले. मुंबई, मद्रास आदी प्रांतांत हिंदी ख्रिस्ती लोकांसही वेगळ्या जागा मिळाल्या. मध्यप्रांत-वऱ्हाडात मात्र आमच्या लोकांसाठी एकही नव्हती. आमच्यातही ह्याविषयी एकमत नव्हते. गोलमेज परिषदेत मद्रासकडील पन्नीरसेल्वम यांनी वेगळा मतदारसंघ मागितला, तर डॉक्टर एस. के. दत्त यांनी त्यास विरोध केला. आपण शेजाऱ्यापासून निराळे होऊन सुरक्षित राहू, की त्याच्या बरोबरीने मत देऊन, हा प्रश्न लहान समाजास सोपा नसतो.

काँग्रेसला हा निवाडा आवडलेला नव्हता, परंतु मुसलमान बांधव दुखावतील ह्या भीतीने तिच्या कार्यकारिणीने जून १९३४ मध्ये ठरविले की, आपण तो स्वीकारीतही नाही व नाकारीतही नाही. पंडित मदनमोहन मालवीय आणि अणे यांस हे पटेना. जी गोष्ट वाईट म्हणता तिच्याविरुद्ध मत का देत नाही, असा त्यांचा सरळ सवाल होता. दोघांनी राजीनामे दिले आणि ऑगस्टात कलकत्त्यास काँग्रेस राष्ट्रीय पक्ष काढला. नावात काँग्रेस ठेवली, ध्येय काँग्रेसचेच ठेवले. फरक केवळ ह्या एका मताचा. काँग्रेसनेही अणे यांच्या विरुद्ध उमेदवार उभा केला नाही. भांडण झाले असता असा मान राखणे दोन्ही पक्षांस भूषणावह होते, असे आम्हांस वाटते.

मतांची परीक्षा ७ फेब्रुवारी १९३५ रोजी दिल्लीत झाली. तेथील रीत आमच्या वाचकांस ठाऊक नसेल म्हणून सांगतो. आपल्या मंडळीच्या पंचांच्या सभेत हात वर करतात. तेथे मतविभागणी मागितली म्हणजे अनुकूल सभासद एका दालनातून आणि प्रतिकूल दुसऱ्या दालनातून जातात, आणि प्रत्येकाचे नाव छापले जाते. कोणी मागाहून म्हणू शकत नाही की मी तसे म्हटले नव्हते. त्या दिवशी नव्या राज्यघटनेच्या योजनेवर वाद होता. काँग्रेसची तटस्थतेची सूचना पडली. मग महंमदअली जिना यांची तीन भागांची सूचना आली. पहिला भाग असा की, सर्वांस मान्य असा पर्याय निघेपर्यंत जातीय निवाडा स्वीकारावा. ह्यास अनुकूल ६८ मते पडली आणि प्रतिकूल अवघी १५. काँग्रेसचे सभासद आपल्या जागी बसून राहिले. अणे व त्यांचे सोबती त्या १५ जणांत होते.

पुढचे भाग सरकारच्या योजनेस नापसंत करणारे होते. त्यांवर काँग्रेस आणि जिना यांचा गट एकत्र आले, आणि ७४ विरुद्ध ५८ मतांनी सरकारचा पराभव झाला. एका दिवसात एका सभागृहात मित्र कोण आणि विरोधी कोण, हे प्रश्नागणिक बदलले. अणे यांच्या मताने निवाडा काही रद्द झाला नाही. १९३५ च्या कायद्यात तो आला. जिना यांचे आणि मुसलमान सभासदांचे भय निराधार होते असेही आम्ही म्हणणार नाही. बहुसंख्यांच्या मतपेटीचे भय थोड्यांना असतेच, आणि ते आम्ही जाणतो. तरी मनात एक आणि दालनात दुसरे, असे अणे यांनी केले नाही एवढे खरे.

ह्यानंतरची त्यांची एक पायरी अनेकांस पटली नाही व आम्हांसही ती सहज पटत नाही. १९४१ मध्ये त्यांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात परदेशातील हिंदी लोकांचे खाते स्वीकारले. पुढील ऑगस्टात छोडो भारत चळवळ उसळली. गांधीजी व सर्व पुढारी पकडले गेले आणि अणे सरकारच्याच बाकावर होते. चांदा जिल्ह्यातील चिमूर गावी दंगा झाला, त्यावर लष्कराने व पोलिसांनी केलेल्या अत्याचारांच्या, विशेषतः स्त्रियांवरील अत्याचारांच्या, तक्रारी आल्या. सेवाग्रामचे प्राध्यापक भन्साळी दिल्लीस गेले आणि अणे यांनी चिमुरास येऊन चौकशी करावी म्हणून त्यांच्या घरीच उपोषणास बसले. वऱ्हाडच्या माणसाने वऱ्हाडच्या शेजारच्या गावास जाऊ नये, हे लोकांस फार लागले. शेवटी १० फेब्रुवारी १९४३ रोजी गांधीजींनी कैदेत एकवीस दिवसांचे उपोषण आरंभिले आणि सरकार त्यांस सोडीना, तेव्हा अणे, होमी मोदी व नलिनीरंजन सरकार ह्या तिघांनी एकदम राजीनामे दिले. चिमुरास जे घडले त्यावर हा राजीनामा उशिरा आला असे म्हणणारे आजही आहेत, आणि त्यांचे म्हणणे खोडून काढणे कठीण आहे.

त्यानंतर ते सिलोनात हिंदुस्थानचे प्रतिनिधी होते. घटना समितीचे सभासदत्व व १९४८ ते १९५२ पर्यंत बिहारचे राज्यपालपद ही त्यांची पुढील कामे. एवढ्यावर दुसरा कोणी विसावला असता. पण वऱ्हाडनागपूरचे वेगळे विदर्भ राज्य व्हावे हे त्यांचे जुने मत होते. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने तशी शिफारसही केली होती. ती मानली गेली नाही. १९५९ च्या पोटनिवडणुकीत, वय ऐंशीच्या घरात असताना, ते नागपुरातून लोकसभेत गेले, आणि १९६२ मध्ये पुन्हा तेथूनच स्वतंत्र म्हणून निवडून आले. ज्या काँग्रेसचे ते एकेकाळी हंगामी अध्यक्ष होते, तिच्या बाकांसमोर ते आता बसले. १ मे १९६० रोजी विदर्भ महाराष्ट्रात सामील झाला आणि त्याबरोबर लोणारही.

२६ जानेवारी १९६८ रोजी त्यांचा अंत झाला. त्याच वर्षी त्यांस पद्मविभूषण ही पदवी मिळाली. म्हातारपणी त्यांनी आपल्या गुरूचे, लोकमान्यांचे, चरित्र संस्कृत पद्यात रचिले होते. त्या ग्रंथास १९७३ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी, साहित्य अकादमीचे पारितोषिक देण्यात आले.