पानिपताच्या पलीकडचे नानासाहेब

पुण्याच्या पाण्याचा विषय निघाला की आज डोळ्यांसमोर खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही नावे येतात. पाऊस लांबला की धरणांतील साठ्याचे आकडे आपण रोज वाचतो. पण या शहराला दूरवरून, नळाने आणि नियमाने पाणी देण्याची कल्पना या धरणांहून फार जुनी आहे. शहराच्या दक्षिणेला, कात्रजच्या डोंगराच्या पायथ्याशी, अठराव्या शतकाच्या मध्यावर बांधलेला एक लहानसा दगडी बंधारा तिचा साक्षीदार आहे. तो ज्यांच्या आज्ञेने उभा राहिला त्या बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशव्यांचे नाव मात्र इतिहासाने पानिपताशी असे जखडून टाकले आहे, की त्यांच्या आयुष्यातील हे पान सहसा उलगडलेच जात नाही.

नानासाहेबांचा जन्म 8 डिसेंबर 1720 चा. थोरले बाजीराव आणि काशीबाई यांचे ते ज्येष्ठ पुत्र. वडिलांचे आयुष्य घोड्याच्या पाठीवर गेले. मुलाची घडण मात्र कारभाराच्या फडावर आणि साताऱ्याला छत्रपती शाहू महाराजांच्या सहवासात झाली. एप्रिल 1740 मध्ये नर्मदेकाठी रावेरखेडी येथे बाजीरावांचे निधन झाले आणि वयाच्या विसाव्या वर्षी नानासाहेबांच्या अंगावर पेशवाईची वस्त्रे आली. त्याच वर्षाच्या अखेरीस काका चिमाजीअप्पाही गेले. वडिलांचे नाव मोठे होते, तसेच त्यांच्या मोहिमांचे कर्जही मोठे होते. तरुण पेशव्याच्या वाट्याला दोन्ही एकदमच आले.

तलवारीपेक्षा हिशेबावर आणि वाटाघाटींवर अधिक भिस्त ठेवणारा हा पेशवा होता. महसुलाची शिस्त, सरकारी दप्तराची व्यवस्था, सावकारांशी व्यवहार यांत त्यांनी जातीने लक्ष घातले. शाहू महाराजांचे डिसेंबर 1749 मध्ये निधन झाले. त्यानंतर 1750 च्या सांगोला कराराने राज्याच्या कारभाराची सूत्रे पेशव्यांच्या हाती आली. छत्रपतींची गादी साताऱ्याला राहिली, पण हुकूम पुण्याहून निघू लागले. एका कसब्याचे राजधानीत रूपांतर होण्याची ही सुरुवात होती.

राजधानी आली, पाणी कुठून आणायचे?

दरबार पुण्यात स्थिरावला तसे सरदार, सावकार, कारकून, कारागीर आणि विद्वान यांची रीघ लागली. नव्या पेठा वसल्या, वाडे उभे राहिले. वाढत्या वस्तीची तहान भागवायला मुठा नदी आणि आडांचे पाणी अपुरे पडू लागले. नदी वस्तीपेक्षा सखल. पाणी वर आणायचे तर पखालींवाचून उपाय नव्हता. उन्हाळ्यात तर नदीही आटे.

नानासाहेबांनी यावर काढलेला तोडगा साधा आणि दूरदर्शी होता. पाणी खालून वर चढवण्याऐवजी वरून खाली आणायचे. कात्रजचा डोंगर पुण्याहून चांगलाच उंच. तिथून उतरणारा आंबील ओढा पावसाळ्यात दुथडी भरून वाहत असे. हेच पाणी घाटाच्या पायथ्याशी अडवायचे, असे ठरले. 1750 च्या सुमारास हे काम सुरू होऊन पुढील काही वर्षांत तडीस गेले. एकाखाली एक असे दोन तलाव तयार झाले. वरच्या तलावात गाळ बराचसा बसावा आणि खालच्यात त्यामानाने नितळ पाणी यावे, असा या रचनेचा फायदा होता.

खरे कौशल्य पुढच्या टप्प्यात होते. तलावापासून शनिवारवाड्यापर्यंत आठ-दहा किलोमीटरचे अंतर दगडी, चुनेगच्ची बांधकामाच्या भुयारी नळाने जोडण्यात आले. हा नळ म्हणजे आजची लोखंडी नळी नव्हे. माणसाला आत उतरून साफसफाई करता येईल, असा तो ऐसपैस भुयारी मार्ग होता. त्याला सतत उतार दिलेला असल्याने पाणी आपल्याच वजनाने वाहत राही. आत कोंडलेली हवा बाहेर पडावी म्हणून ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले होते. वाटेत गाळ खाली बसावा, अशीही सोय होती. पंप नाही, इंधन नाही, केवळ उताराचा अचूक अंदाज. औरंगाबादेत मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी नहरींची जी व्यवस्था उभी केली होती, तिच्याच जातकुळीतले हे काम.

शहरात शिरल्यावर या पाण्याला हौदांच्या रूपाने वाटा फुटल्या. वाड्यांतील हौद आणि कारंजी यांना ते मिळालेच, शिवाय सार्वजनिक हौदांमुळे पेठांतील रहिवाशांच्या दाराशीही पाणी आले. पुढे नाना फडणीसांनी नऱ्हे-आंबेगावच्या बाजूने आणि सरदार रास्ते यांनी कोंढव्याकडून असेच नळ आणले. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावे आजही पुणेकरांच्या तोंडी आहेत. त्यांमागे हाच काळ आणि हीच परंपरा उभी आहे.

पर्वती आणि आंबील ओढा

याच सुमारास पर्वतीच्या टेकडीवर देवदेवेश्वराचे मंदिर उभे राहिले आणि पायथ्याशी आंबील ओढ्याच्या पाण्यावर विस्तीर्ण तळे करण्यात आले. काम रेंगाळते आहे असे दिसताच नानासाहेब स्वतः हत्तीवरून उतरून दगड उचलू लागले आणि मग बरोबरच्या सरदारांनाही हात लावावा लागला, अशी आख्यायिका आहे. या तळ्यातील बेटावर पुढे गणपतीची स्थापना झाली. तळे कालांतराने बुजवले गेले आणि तिथे आज सारसबाग आहे. वस्तीतून वाहत जाऊन मुठेला मिळणारा ओढाही याच काळात पर्वतीच्या बाजूने वळवण्यात आला. जुन्या पात्रालगतची जमीन वस्तीला मोकळी झाली आणि पेठांवरचे पुराचे सावट कमी झाले. पाणी अडवणे, पाणी वाटणे आणि जास्तीच्या पाण्याला वाट करून देणे ही तिन्ही कामे एकाच आराखड्यात बसवलेली होती.

मात्र या व्यवस्थेचे गुणगान करताना तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. पाणी उतारावरून सर्वत्र पोचले, तरी ते सर्वांना मिळाले नाही. हौदावर कोणी जायचे आणि कोणी जायचे नाही, हे जात ठरवत होती. पेशवाई बुडाल्यानंतर अर्धे शतक उलटूनही ही स्थिती होती. म्हणूनच 1868 मध्ये जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला, ही पुण्याच्या पाण्याच्या इतिहासातील तितकीच मोठी घटना ठरते.

यश आणि घात

नानासाहेबांच्या राजकीय कारकिर्दीचे मोजमाप असेच दुहेरी आहे. त्यांच्या काळात मराठी फौजा 1758 मध्ये अटकेपर्यंत पोचल्या आणि 1760 मध्ये उदगीरला निजामाचा पराभव झाला. पण तुळाजी आंग्र्यांशी असलेले वैर मिटवण्यासाठी त्यांनी इंग्रजांची मदत घेतली. 1756 मध्ये विजयदुर्गापुढे आंग्र्यांचे आरमार जळाले. ज्यांच्यापासून किनारा राखायचा, त्यांच्याच हातून त्याची ढाल मोडली गेली. ही चूक इतिहासाने त्यांच्या खाती कायमची मांडली आहे.

त्यानंतर आले पानिपत. 14 जानेवारी 1761 रोजी तेथे थोरला मुलगा विश्वासराव, चुलतभाऊ सदाशिवराव आणि एक पिढी नाहीशी झाली. कुमक घेऊन उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेबांना ही वार्ता वाटेतच कळली. ते पुण्याला परतले, पण खचूनच. 23 जून 1761 रोजी पर्वतीवर त्यांनी देह ठेवला. वय अवघे चाळीस. मुठेच्या काठी, लकडी पुलाजवळ त्यांची समाधी आहे. शेजारच्या रस्त्यावरून रोज हजारो वाहने जातात. समाधीकडे वळणारे थोडेच.

उरलेला ठेवा

नानासाहेबांनी जिंकलेले बरेचसे प्रांत अर्धशतकात हातचे गेले. कात्रजचा नळ मात्र पेशवाई बुडाल्यावरही वाहत राहिला. 1879 मध्ये खडकवासल्याचे धरण पुरे झाले आणि शहराची भिस्त तिकडे वळली, तरी जुने हौद एकदम बंद झाले नाहीत. 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासला गेले आणि शहराचे नळ कोरडे पडले. तेव्हा पुणेकरांना विहिरी आणि हौदच आठवले.

पुढच्या दशकांत ही आठवण पुसट झाली. कात्रजच्या परिसरात वस्ती वाढली, भुयारी नळावर रस्ते आणि इमारती आल्या, तलावात मैलापाणी आणि जलपर्णी शिरली. ओढ्याचे पात्र आक्रसत गेले. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री मुसळधार पाऊस झाला आणि आंबील ओढ्याने आपली जागा परत मागितली. कात्रज, सहकारनगर, अरण्येश्वर परिसरात हाहाकार उडाला. त्या रात्रीच्या पुराने पुणे परिसरात वीसहून अधिक जणांचे बळी घेतले.

पाऊणशे वर्षांच्या राज्याला जी गोष्ट साधने तुटपुंजी असताना उमगली होती, ती आजच्या महानगराने विसरावी, हे खेदजनक आहे. डोंगरावर पडलेले पाणी कुठेतरी थांबले पाहिजे आणि उरलेल्याला मोकळी वाट मिळाली पाहिजे, एवढाच तो धडा. पानिपताचा पराभव नानासाहेबांना पुसता आला नाही. पण या शहराला त्यांनी पाणी दिले, याची नोंद पुणेकरांनी तरी त्यांच्या जमेच्या बाजूला करायला हवी. त्यासाठी नव्या स्मारकाची गरज नाही. कात्रजचे तलाव स्वच्छ आणि ओढ्याचे पात्र मोकळे राहिले, तरी पुरे.