समुद्रगाय पाहिलेला स्टेलर

समुद्रातही जंगले असतात. थंड पाण्यात केल्प नावाचे शेवाळ खडकाला धरून वाढते. काही जातींची पाने तर वर येऊन छपरासारखी पसरतात. उत्तर पॅसिफिकमधील अशा जंगलांतल्या प्राण्यांची ओळख ज्याने जगाला करून दिली, त्या गेओर्ग स्टेलरविषयी आज आम्ही लिहीत आहोत.

१७०९ साली जर्मनीतील विंड्सहाइम गावी जन्मलेला हा तरुण नशीब काढायला रशियात गेला आणि १७४१ च्या जूनमध्ये कप्तान व्हिटस बेरिंगच्या जहाजावरून निघाला. अलास्काजवळच्या कायाक बेटावर त्याला मिळाले जेमतेम दहा तास. अधिकाऱ्यांशी त्याचे पटत नसे. स्कर्व्हीवर हिरवा पाला खा म्हणून त्याने सांगितले, तेही त्यांनी हसण्यावारी नेले. परतीच्या वाटेवर नोव्हेंबरात जहाज एका ओसाड बेटाला लागले व मोडले. बेरिंग तिथेच वारला. पुढे स्टेलरने जमवलेला पाला आणि पाणमांजरांचे मांस खाऊन उरलेले लोक तगले.

आम्हांस कौतुक वाटते ते याचे, की अशा हालातही तो तासन् तास किनाऱ्यावर बसून निरीक्षण करी. समुद्रगाय सात-आठ मीटर लांब, तोंडात दात नाहीत. खरखरीत पट्ट्यांनी ती केल्प रगडून खाई आणि पाठ पाण्याबाहेर ठेवून गुरांसारखी कळपाने चरे. (तिची नातलग डुगाँग अबू धाबीच्या समुद्रात आजही आहे, हे आखातातील वाचकांना ठाऊक असेल.) १७४२ च्या जुलैत त्याने एका मादीची मापे घेतली, तर कोल्हे त्याचे कागद आणि शाई पळवीत! सांगाडा नेण्याची त्याची फार इच्छा होती. पण मोडक्या जहाजाच्या लाकडातून बांधलेल्या लहान गलबतात जागा कुठली? ऑगस्टमध्ये ४६ जण कामचात्काला परतले.

सांगाडा राहिला, पाणमांजरांची कातडी मात्र आली. ती पाहून शिकाऱ्यांची रीघ लागली. १७६८ च्या सुमारास समुद्रगाय नामशेष झाली, म्हणजे अवघ्या २७ वर्षांत. पाणमांजरेही संपत आली होती. १९११ च्या करारामुळे ती वाचली. केल्प कुरतडणारे काटेरी सी-अर्चिन हे त्यांचे खाणे. पाणमांजर गेले की अर्चिन माजतात आणि जंगल उजाड होते, हे १९७० च्या दशकात अल्यूशन बेटांवरील अभ्यासात दिसून आले.

स्टेलरला यातले काही पाहावे लागले नाही. १७४६ मध्ये सायबेरियातून परतताना त्यूमेन येथे तो तापाने वारला. वय अवघे ३७. त्याचे लॅटिन पुस्तक १७५१ मध्ये निघाले. समुद्रगाय जिवंत पाहून तिचे वर्णन लिहिणारा निसर्गशास्त्रज्ञ तो एकटाच.