होळकरांच्या सुभेदारीचा वारस

गंगाखेडाहून परळीस दर्शनाला जाणाऱ्या यात्रेकरूस वैजनाथाच्या पायऱ्या चढतांना अहिल्याबाई होळकरांचें नांव ऐकूं येतेंच. देवळाचा जीर्णोद्धार त्यांनीं केला, एवढें सांगून सांगणारा थांबतो आणि ऐकणारा हात जोडून पुढें जातो. परंतु ज्या अधिकारानें बाईंनीं हें केलें तो अधिकार त्यांच्या हातीं कसा आला, हें फारसें कोणी सांगत नाहीं. बहिणींकडून हक्कसोडपत्रें लिहून घेण्याची चाल ज्या मुलखांत आहे, तेथें हा भाग अगोदर सांगितला पाहिजे असें आम्हांस वाटतें.

बाईंचा जन्म १७२५ सालीं चौंडीचे पाटील माणकोजी शिंदे यांच्या घरीं झाला. १७३३ त मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशीं त्यांचें लग्न झालें. धनगराच्या घरांत जन्मलेले मल्हारराव स्वतःच्या तलवारीच्या बळावर माळव्याचे सुभेदार झाले होते. मात्र सुभेदारी म्हणजे वतन नव्हे. वतन बापाकडून लेकाकडे चालत जाई. सरंजाम फौज बाळगण्याच्या शर्तीवर मिळे, आणि सरंजामदार वारला कीं वारसास नजराणा भरून पेशव्यांकडून नवीं वस्त्रें घ्यावीं लागत. व्यवहारांत मुलगाच पुढें येई हें खरें. पण मुलगा नसला म्हणजे काय, हा प्रश्न उघडाच राही.

होळकरांच्या घरांत आणखी एक गोष्ट होती, आणि कायद्याच्या दृष्टीनें ती फार मोलाची आहे. १७३४ सालीं मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नांवें पेशव्यांनीं निराळी खासगी जहागीर करून दिली. दौलतीचा हिशेब वेगळा, खासगीचा वेगळा. ही खासगी सासूकडून सुनेकडे, म्हणजे अहिल्याबाईंकडे आली. काशी, सोमनाथ, गया, वेरूळ इत्यादि ठिकाणीं बाईंनीं केलेला धर्मकार्याचा खर्च मुख्यतः या खासगींतून झाला, रयतेच्या वसुलींतून नव्हे. स्त्रीच्या हातीं स्वतःचा पैसा असला तर ती तो कोठें लावते, याचा हा दाखला कोणीहि तपासून पाहावा.

१७५४ सालीं कुंभेरीच्या वेढ्यांत खंडेराव ठार झाले. बाई सती जाण्यास निघाल्या असतां सासऱ्यांनीं त्यांना अडविलें. पुढें मल्हारराव मोहिमेवर असत तेव्हां वसूल, रसद, तोफा, दारूगोळा यांची व्यवस्था सुनेकडे असे. १७६६ त मल्हारराव वारले. नातू मालेराव यांस वस्त्रें मिळालीं, परंतु वर्षाच्या आंतच तेहि गेले. घरांत पुरुष उरला नाहीं.

येथें दिवाण गंगोबातात्या चंद्रचूड यांनीं डाव मांडला. एखादें अल्पवयीन मूल दत्तक घ्यावें, कारभार आपण पाहावा, बाईंनीं देवधर्म करीत बसावें, अशी ती मसलत होती. राघोबादादांचा तिला पाठिंबा होता व ते फौज घेऊन माळव्यांत आले. बाईंचें उत्तर आम्हां वकिलांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. एका धन्याची आपण पत्नी आणि दुसऱ्याची आई, तेव्हां पुढें कोणी बसावें हें ठरविण्याचा अधिकार आपला, इतरांचा नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. नुसत्या युक्तिवादावर त्या विसंबल्या नाहींत. फौज जमविली, शिंदे, भोसले, गायकवाड यांना पत्रें धाडलीं. माधवराव पेशव्यांनीं चुलत्याची बाजू न घेतां बाईंचा हक्क मान्य केला, आणि दादांना लढाई न करतां माघारी फिरावें लागलें. फौजेसाठीं बाईंनीं तुकोजी होळकरांस निवडलें. तुकोजी वयानें वडील असूनहि बाईंस मातुश्री म्हणत. पैशावरून दोघांत खटके उडत, हेंहि लपविण्याचें कारण नाहीं.

व्यापाऱ्यांनीं एक गोष्ट विशेष लक्षांत घ्यावी. निपुत्रिक सावकार मेला कीं त्याचें धन सरकारजमा करण्याचा किंवा दत्तकास परवानगी देण्याबद्दल विधवेकडून भारी रक्कम उकळण्याचा मोह तेव्हांच्या सर्व दरबारांना असे. बाईंनीं अशा विधवांना दत्तक घेऊं दिलें आणि त्यांच्या पैशाला हात लावला नाहीं. आपल्यावर आलेला प्रसंग त्या विसरल्या नव्हत्या.

तरी रूढीपुढें त्यांचेंहि चाललें नाहीं. मुलगी मुक्ताबाई हिचा मुलगा वारला, मागोमाग १७९१ त जांवई यशवंतराव फणसे गेले, आणि आईनें परोपरीनें विनविलें असतांहि मुक्ताबाई महेश्वरीं सती गेली. सासऱ्यानें सुनेला वांचविलें. आईला मुलगी वांचवितां आली नाहीं.

१३ ऑगस्ट १७९५ रोजीं बाई वारल्या. दोन वर्षांनीं तुकोजी गेले आणि त्यांच्या चार मुलांत वारशाचा कलह पेटला. दौलतराव शिंद्यांच्या फौजेनें मल्हाररावास पुण्यांत मारलें. विठोजीस बाजीरावानें हत्तीच्या पायीं दिलें. यशवंतरावांनीं १८०२ च्या ऑक्टोबरांत हडपसराजवळ शिंदे-पेशव्यांच्या फौजा मोडल्या. पळालेल्या बाजीरावानें त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला वसईस इंग्रजांशीं तह केला. घरचा तंटा परक्याच्या दारीं नेल्यावर दुसरें काय व्हायचें होतें!

१९६१ त होळकर घराण्याचें संस्थानिकपद पुत्र हयात असतां कन्येकडे गेलें, आणि १९७१ च्या घटनादुरुस्तीनें अशीं सर्वच पदें संपलीं. पदव्या गेल्या; शेत, दुकान आणि घर उरलें. त्यांबाबत १९५६ च्या कायद्यानें स्त्रीस पूर्ण मालकी दिली, महाराष्ट्रानें १९९४ त व सबंध देशानें २००५ त मुलीस वडिलोपार्जित मिळकतींत मुलाबरोबरीचा वांटा दिला, आणि बाप २००५ पूर्वीं वारला म्हणून तो वांटा बुडत नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं ठरविलें. तरीहि दुय्यम निबंधकाच्या कचेरींत बहीण येते ती बहुधा सही करण्यापुरतीच. भावांनीं निदान तो कागद तिला आधीं वाचून दाखवावा, वांट्याची किंमत सांगावी, आणि ती नको म्हणाली तर तिला तशीच घरीं पोंचवावी.