रॉड सर्लिंग आणि गुहेंतील शत्रु

युद्धाच्या कथेंत शत्रु पडला म्हणजे प्रेक्षक टाळ्या वाजवितात. विद्यार्थिमित्रहो, तुम्हींही वाजविल्या असतील. त्या शत्रूला चेहरा नसतो, नांव नसतें, घरीं त्याची वाट पाहणारें कोणी नसतें; म्हणून त्याचें मरण आपल्या मनाला लागत नाहीं. पण कथा लिहिणाऱ्यानें त्याला चेहरा दिला तर? दूरचित्रवाणीवरील अद्भुत विज्ञानकथांच्या द्वारें हा प्रश्न घरोघरीं नेणाऱ्या एका अमेरिकन लेखकाचें चरित्र येथें सांगावयाचें आहे. हा प्रश्न त्याला ग्रंथांत सांपडला नव्हता. तो रणांगणावर सांपडला होता.

रॉड सर्लिंग याचा जन्म २५ डिसेंबर १९२४ रोजीं, म्हणजे ऐन नाताळच्या दिवशीं, न्यूयॉर्क संस्थानांतील सिराक्यूज शहरीं एका यहुदी कुटुंबांत झाला. बालपण जवळच्याच बिंगहॅम्टन गांवीं गेलें. शाळेंत तो वादविवादांत पुढें असे आणि शाळेच्या वृत्तपत्राचा संपादकही होता.

१९४३ सालीं हायस्कूलचें शिक्षण संपतांच तो सैन्यांत दाखल झाला. हिटलरशीं लढावें ही त्याची मनीषा. पण त्याची रवानगी झाली पॅसिफिक महासागराकडे, जपान्यांशीं लढावयास. विमानांतून छत्रीच्या साह्यानें उडी घेणाऱ्या ५११ व्या पायदळ रेजिमेंटमध्यें तो होता. अंगानें ठेंगणा, तरी सैन्यांत तो मुष्टियुद्ध खेळला व त्यांत नाक मोडून घेतलें. नोव्हेंबर १९४४ मध्यें ही रेजिमेंट फिलिपाइन्समधील लेते बेटावर उतरली. डोंगराळ जंगल, पाऊस, चिखल, आणि अन्न मिळावयाचें तें विमानांतून टाकलेल्या पेट्यांतून. अशीच एक जड पेटी, सोबत्यांना हंसवीत असलेल्या त्याच्या एका मित्रावर येऊन आदळली व तो सर्लिंगच्या डोळ्यांदेखत जागच्या जागीं ठार झाला. शत्रूची गोळी नव्हे, अन्नाची पेटी! पुढें १९४५ च्या फेब्रुवारींत मनिला शहराची लढाई झाली. त्या एका शहरांत सुमारें एक लाख नागरिक मेले. सर्लिंग जखमी झाला. त्याला पदकें मिळालीं. त्याच वर्षीं त्याचे वडील वारले, व त्यांच्या अंत्यविधीस त्याला जातां आलें नाहीं. घरीं परतल्यावरही युद्धाचीं स्वप्नें पडून तो रात्रीं दचकून उठे, आणि हें जन्मभर चाललें.

ओहायोमधील अँटिऑक कॉलेजांत शिक्षण घेऊन तो प्रथम रेडिओसाठीं व मग दूरचित्रवाणीसाठीं नाटकें लिहूं लागला. १९५५ मध्यें त्याला मोठें यश आलें. परंतु तेथील कार्यक्रमांचा खर्च व्यापारी कंपन्या देत, आणि गिऱ्हाइकें दुखावतील या भयानें त्या लेखकाच्या हातास हात लावीत. १९५५ सालींच मिसिसिपींत एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा गोऱ्यांनीं निर्घृण वध केला. त्यावर सर्लिंगनें नाटक लिहिलें. पण स्थळ बदला, माणसें बदला, असें करतां करतां त्यांतील मूळ दुःख ओळखूं येईनासें झालें. तेव्हां त्यानें ताडलें कीं, आजच्या माणसाच्या तोंडीं जें घालूं देत नाहींत, तें मंगळावरच्या प्राण्याच्या तोंडीं घातलें तर कोणी हरकत घेत नाहीं.

यांतून २ ऑक्टोबर १९५९ रोजीं ‘द ट्वायलाइट झोन’ ही मालिका सुरू झाली. १९६४ पर्यंत तिच्या १५६ कथा झाल्या. त्यांपैकीं ९२ सर्लिंगच्या लेखणींतून उतरल्या. मार्च १९६० मधील एका कथेंत एका शांत गल्लींतले दिवे जातात. परग्रहावरचा शत्रु आपल्यांतच लपला आहे या संशयानें शेजारी शेजाऱ्याला गोळी घालतो. आणि खरे परग्रहवासी टेकडीवरून तें पाहत असतात. त्यांना शस्त्र उचलावेंच लागत नाहीं.

पण माझ्या मतें त्याच्या मनाच्या सर्वांत जवळची कथा निराळीच आहे. ती २९ डिसेंबर १९६१ रोजीं दाखविली गेली. तिचें नांव, ‘अ क्वालिटी ऑफ मर्सी’, शेक्सपियरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधील न्यायसभेच्या प्रवेशावरून घेतलेलें आहे. स्थळ फिलिपाइन्स, दिवस ६ ऑगस्ट १९४५. एका गुहेंत आजारी, जखमी जपानी शिपाई अडकले आहेत. बाहेर थकलेले अमेरिकन शिपाई. इतक्यांत एक नवा तरुण लेफ्टनंट येतो व गुहेवर हल्ला करावयाचा म्हणतो. सार्जंटनें युद्ध पाहिलें आहे. त्याला ही हत्या व्यर्थ वाटते. लेफ्टनंटच्या हातून दुर्बीण पडते, ती उचलतो तों तो स्वतःच जपानी लेफ्टनंट झालेला असतो! काळ १९४२ चा मे महिना, स्थळ कॉरेजिडोर बेट. आतां गुहेंत जखमी अमेरिकन आहेत आणि त्याचा जपानी कॅप्टन हल्ल्याचा हुकूम देतो आहे. तो दयेची याचना करतो. कॅप्टन ऐकत नाहीं.

जपान्याच्या भूमिकेंत गोऱ्या नटाला रंगविलें आहे, तें आज पाहवत नाहीं. तो दोष मान्य करावा. परंतु जपान्यांच्या हातून घायाळ झालेल्या माणसानें युद्ध संपून सतरा वर्षेंही झालीं नाहींत तों आपल्या देशबांधवांना जपान्याच्या डोळ्यांनीं पाहावयास लावावें, ही गोष्ट लहान नव्हे.

कथेचा शेवट मला फार दिवस छळीत आला आहे. लेफ्टनंट पुन्हां अमेरिकन होतो, आणि निरोप येतो कीं जपानवर अणुबाँब पडला, माघार घ्या. गुहेंतले शत्रु वांचतात. लेफ्टनंटला निवड करावीच लागत नाहीं. ज्यांचे चेहरे आपण पाहिले ते मूठभर लोक वांचले, त्याच वेळीं हिरोशिमांत चेहरे न दिसलेलीं माणसें जळत होतीं. वर्षअखेरपर्यंत तेथें सुमारें १ लाख ४० हजार मेलीं. कोणी म्हणतील कीं लेखकानें प्रश्न टाळला. मला तसें वाटत नाहीं. शत्रूचा चेहरा पाहून हात थबकतो हें खरें, पण चेहरा दिसूं न देणारीं शस्त्रें निघालीं तर ती दया कोठें जाईल, हें त्यानें न बोलतां आपल्यापुढें ठेविलें आहे.

पुढें १९६८ च्या ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ या चित्रपटाच्या लेखनांत त्याचा हात होता. त्यांत माणसाचीच शिकार होते. व्हिएतनामच्या युद्धास त्यानें उघड विरोध केला. शेवटचीं वर्षें इथाका कॉलेजांत शिकविण्यांत गेलीं. सिगारेटीचें व्यसन मात्र सुटलें नाहीं. हृदयावरील शस्त्रक्रियेनंतर २८ जून १९७५ रोजीं, अवघ्या पन्नासाव्या वर्षीं, त्याचें निधन झालें.

कॉलेजांत असतांना त्यानें लेते बेटावरील सोबत्यांच्या मरणाची एक कथा लिहून ठेविली होती. ती त्यानें आपल्या मुलांना अर्पण केली होती, आणि तेव्हां त्याला एकही मूल झालेलें नव्हतें. ‘फर्स्ट स्क्वाड, फर्स्ट प्लॅटून’ ही ती कथा २०२४ सालीं प्रथम छापली गेली. अन्नाच्या पेटीखालीं सांपडलेला तो हंसरा मित्र तींत आहे.