चार्ल्स ओमान
सर चार्ल्स विल्यम चॅडविक ओमान (१२ जानेवारी, १८६० - २३ जून, १९४६) हे मध्ययुगीन युद्धकलेचे ब्रिटिश इतिहासकार होते. त्यांचा जन्म बिहारमधील मुझफ्फरपूर येथे एका ब्रिटिश मळेवाल्याच्या घरी झाला. शिक्षण मात्र विंचेस्टर व ऑक्सफर्ड येथे झाले. १९०५ मध्ये ते ऑक्सफर्डमध्ये प्राध्यापक झाले, तर १९१९ ते १९३५ या काळात विद्यापीठ मतदारसंघाचे संसद सदस्य होते.

१८८४ च्या त्यांच्या पारितोषिकप्राप्त निबंधातून मध्ययुगीन युद्धकलेवरील त्यांचा पहिला ग्रंथ (१८८५) सिद्ध झाला. बायझंटाईन साम्राज्याचा इतिहास म्हणजे हजार वर्षांची अधोगती, हा समज गिबनच्या प्रभावामुळे तेव्हा रूढ होता. ओमान यांनी सम्राट मॉरिस व सहावा लिओ यांच्या नावावरील युद्धशास्त्रीय ग्रंथांच्या आधारे निराळे चित्र उभे केले : शत्रू पाहून डावपेच बदलणारे, शिस्तबद्ध, पगारी सैन्य. पश्चिम युरोपातील सरदारांना मात्र त्यांनी युद्धनीतीचे श्रेय जवळजवळ नाकारले. हा निवाडा एकांगीच होता. त्यांच्या निधनानंतर, १९५० च्या दशकात, व्हरब्रुगेन आणि स्मेल या अभ्यासकांनी मोहिमांचा व लढायांचा बारकाईने अभ्यास करून त्या सरदारांच्या युद्धनीतीचे पुनर्मूल्यमापन केले.